गायनवृंदाची जबाबदारी नव्याने घेणाऱ्यांसाठी

आपण लिहिले आहे की, सुमारे एकशे वीस कुटुंबांच्या आपल्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) बावीस वर्षे पेटी वाजवणाऱ्या काकांनी वयोमानामुळे ते काम थांबवले, तरुणांनी कीबोर्ड, गिटार आणि ड्रम आणले, ज्येष्ठ लोक नाराज आहेत, लोकांचे गाणे रविवारगणिक मंदावत आहे आणि आता पाळकसाहेबांनी (धर्मगुरूंनी) गायनवृंद आपल्या हाती सोपवला आहे. सुरुवात कोठून करावी आणि पुढे कोणाला उभे करावे, हा आपला प्रश्न. मी नगर जिल्ह्यातील एका मंडळीत एकतीस वर्षे पेटी वाजवतो आहे आणि त्यांतील एकोणीस वर्षे गायनवृंद सांभाळतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कोणते वाद्य ठेवावे आणि कोणते काढावे, हा वाद सध्या बाजूला ठेवावा, अशी माझी पहिली विनंती आहे. गायनवृंदाचे काम मंडळीला गाता यावे हे आहे आणि ते होते आहे की नाही, हे पुढे बसलेल्याला कधीच कळत नाही. मलाही कळले नव्हते. काही वर्षांपूर्वी आमच्या वृंदात एक अतिशय गोड गळ्याची मुलगी आली. तिचा आवाज वर खुलत असे, म्हणून मी हळूहळू बहुतेक गीतांची पट्टी, म्हणजे ज्या सुरापासून गाणे धरायचे तो सूर, पेटीच्या काळी एकवरून त्याहून वरच्या काळी तीनवर नेली. गाणे रंगते आहे, असे मला वाटत होते. तिसऱ्या बाकावर एक निवृत्त शिक्षक बसत आणि त्यांना कितीतरी गीते पाठ होती. ते दुसऱ्या कडव्यालाच पुस्तक मिटून मांडीवर ठेवतात, हे एका रविवारी माझ्या लक्षात आले. पुढच्या रविवारी मी मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करून तो शेवटच्या बाकावर ठेवला. घरी ऐकले तेव्हा माझी पेटी, माइकवरचे दोन आवाज आणि पंख्याची घरघर एवढेच ऐकू आले. दीडशे माणसे उभी होती आणि त्यांचा आवाज त्या मुद्रणात जवळजवळ नव्हताच. आपणही सर्वांत आधी हेच करावे.

पट्टी ठरवताना चालीतील सर्वांत उंच सूर पाहावा. पुरुष एका सप्तकाने खाली गातात हे गृहीत धरूनही, तो सूर पेटीच्या मधल्या सप्तकानंतर येणाऱ्या पांढरी दोनच्या पलीकडे गेला की सामान्य गळा थांबतो, असा माझा अनुभव आहे. सकाळच्या उपासनेत, गळा तापलेला नसताना, आणखी अर्धा सूर खाली घेतला तरी बिघडत नाही. एकट्या गायिकेला शोभणारी पट्टी तिच्या एकल गीतासाठी राखून ठेवावी. नाताळला आणि पुनरुत्थानाच्या रविवारी (ईस्टरला) त्याला भरपूर वाव असतो.

यानंतर चालींचा विचार. आपल्या मराठी मंडळ्यांत दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहतात आणि प्रमुखाला दोन्ही कळावे लागतात. एक प्रवाह रेव्ह. नारायण वामन टिळकांसारख्यांनी समृद्ध केला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर टिळकांनी अभंग, ओवी आणि पदे यांतूनच ख्रिस्तभक्ती गायली. भजनात पुढच्याने ओळ म्हणायची आणि मागच्यांनी ती उचलायची, त्यामुळे वाचता न येणारी आजीही पहिल्याच दिवशी गाऊ शकते. ही गीते वृंदाने सलग म्हणून टाकली तर त्यांचा प्राणच जातो. ध्रुवपद लोकांवर सोडावे, पेटी हलकी करावी आणि टाळ-झांज वाजू द्यावी. दुसरा प्रवाह मिशनऱ्यांच्या काळापासून आलेल्या भाषांतरित गीतांचा आहे. त्यांच्या चाली उंच-खालच्या चार आवाजांसाठी (सोप्रानो, आल्टो, टेनर, बास) बांधलेल्या असतात आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वासाला जागा असते. येथे अडचण मराठीच्या ऱ्हस्व-दीर्घाची असते. चालीने शेवटचा सूर दोन मात्रा धरला की ‘प्रभु’चा ‘प्रभू’ होतो आणि ऱ्हस्व अक्षरावर जोर आला की अर्थ बाजूला पडतो. म्हणून अशी गीते शिकवताना आधी शब्द नुसते वाचून घ्यावेत, नंतर चाल लावावी. कीबोर्डमधला तयार ठेका या गीतांना तर लावूच नये, कारण तो कोणाच्या श्वासासाठी थांबत नाही. तबलजीलाही सांगावे लागते की भजनी ठेका शेवटच्या कडव्यात दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत, नेण्याचा मोह आवरावा, कारण मागच्या बाकांवरील लोक तेथेच सुटतात.

आता पुढे कोणाला उभे करावे हा प्रश्न. सर्वांत सुरेल गळा असलेली व्यक्तीच प्रमुख असावी, असे मला वाटत नाही. जिला शब्द पाठ आहेत, जी शनिवारच्या सरावाला सर्वांच्या आधी येते आणि जिच्या मान हलवण्यावरून मंडळीला पुढची ओळ केव्हा उचलायची हे कळते, ती व्यक्ती निवडावी. वृंदात माणसे कमी आहेत म्हणून खंत करू नये, ही अडचण फार जुनी आहे. जर्मनीतील लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चचे कँटर (गायनप्रमुख) आणि थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांनी २३ ऑगस्ट १७३० रोजी नगरपरिषदेला लिहिलेल्या निवेदनात आपल्या विद्यार्थ्यांची सरळ मोजणी मांडली आहे : १७ उपयोगाचे, २० अजून तयार नसलेले आणि १७ अगदीच निरुपयोगी. एवढ्यांतून त्यांना चार चर्चची गरज भागवायची होती. प्रत्येक वृंदात किमान बारा गायक हवेत, म्हणजे एका आवाजाचे तीन, असे ते म्हणतात. कारणही अगदी घरगुती आहे : कोणी आजारी पडला तरी गाणे अडू नये. आपणही एकाच पेटीवादकावर आणि एकाच तबलजीवर मंडळी सोपवू नये. दुसरा माणूस आजपासूनच शेजारी बसवावा आणि महिन्यातला एक रविवार पूर्णपणे त्याचा असावा.

शिकवण्याच्या बाबतीत गोव्याकडे पाहावे. पोर्तुगीज काळात तेथील चर्चला जोडलेल्या शाळांतून मेस्त (संगीतशिक्षक) मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत आणि तीच मुले मोठी होऊन चर्चच्या गायनाचा कणा होत. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नाव मिळवलेले आणि प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याच्या चर्चमधील गायनप्रमुखाचेच पुत्र होते. आपल्या शब्बाथशाळेत (मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात) दर रविवारी पंधरा मिनिटे सा-रे-ग-म घेतले, तरी आठ-दहा वर्षांत वृंद भरलेला दिसेल. तरुणांच्या गिटारला येथेच काम द्यावे, म्हणजे मुलांना शिकवताना त्यांचाही हात संयमित होतो.

रोजच्या कामाबद्दल थोडक्यात. पाळकसाहेबांकडून येत्या रविवारचा शास्त्रपाठ (बायबलचा उतारा) सोमवारीच मागून घ्यावा आणि गीते त्याला धरून निवडावीत. नवीन गीत महिन्यात एकच घ्यावे आणि ते सलग तीन रविवार म्हणावे. माइक दोनच असावेत.

आणखी एक जबाबदारी कोणी आधी सांगत नाही, ती दफनविधीची. कबरस्तानात पेटी नसते, ऊन असते, घरच्यांचे रडणे असते आणि पट्टी आपल्यालाच डोक्यात धरून सुरुवात करावी लागते. माती ओढणाऱ्यांच्या फावड्यांकडे माझे सतत लक्ष असते. खड्डा भरेपर्यंत गीत संपता कामा नये, कारण त्या शांततेत मातीचा जो आवाज येतो तो घरच्यांना सोसत नाही. म्हणून अशी चार गीते सर्व कडव्यांसह पाठ असावीत आणि सुरुवात नेहमीपेक्षा खाली करावी, कारण दाटलेला गळा वर जात नाही.

शेवटी आपल्या काकांविषयी. आपल्याकडे बहुतेकांच्या हाती असलेल्या गीतांच्या पुस्तकात शब्दच असतात, चाली माणसांच्या गळ्यात असतात आणि एकाच गीताची चाल नगरला वेगळी तर सोलापूरला वेगळी असते. त्या काकांकडे आपल्या मंडळीच्या बावीस वर्षांच्या चाली आहेत. या आठवड्यातच वृंदातील दोन तरुणांना घेऊन त्यांच्या घरी जावे, पेटी बरोबर न्यावी, पुस्तक पहिल्या गीतापासून उघडावे आणि त्यांना जी जी चाल आठवेल ती ध्वनिमुद्रित करून घ्यावी. बोटे चालत नसतील तर ते नुसते गुणगुणतील, पेटी त्या तरुणांनी वाजवावी.