घरी ८४ पानं, दुकानात ९१

ताई, लॅपटॉपवर प्रबंध ८४ पानांचा दिसतो आणि सीताबर्डीच्या प्रिंटच्या दुकानात तीच फाईल उघडली की ९१ पानं, वरून टेबलाचं हेडिंग एका पानावर अन् टेबल दुसऱ्यावर, असं तुम्ही म्हणता. दुकानवाल्याशी भांडू नका, त्याने बिचाऱ्याने काही केलं नसेल. तुम्ही पेनड्राइव्हवर वर्डची फाईल नेली, तिथेच गडबड झाली.

वर्डच्या फाईलमध्ये पान पक्कं नसतंच. ओळ कुठे तुटेल, पान कुठे संपेल हे जिथे फाईल उघडली तिथे नव्याने ठरतं, आणि त्यात फॉन्टचा हात सगळ्यात मोठा. नेटवरून घेतलेला मराठी फॉन्ट दुकानातल्या मशीनवर नसला की वर्ड गुपचूप दुसरा लावतो, त्याच्या ओळीची उंची वेगळी, पानामागे दोन ओळी जरी खाली ढकलल्या तरी ८४ पानांत १६८ ओळी झाल्या ना, दीड स्पेसिंगमध्ये पानावर २५-एक ओळी बसतात, तुमची सात पानं तिथेच भरली.

म्हणून पीडीएफ घरीच बनवा, फॉन्ट त्यातच बसून जातो. पण त्याआधी वर्डच्या लेआउट टॅबमध्ये साइज पाहा. बरेचदा तिथे लेटर हा अमेरिकन कागदाचा आकार राहून जातो, म्हणजे २१६ बाय २७९ मिमी, आपला ए-फोर कागद २१० बाय २९७. लेटर सापडलं तर बदला आणि मग सगळी पानं पुन्हा एकदा चाळा, सगळं सरकलेलं असतं.

मार्जिनचा मला दणका बसलाय. बायकोच्या प्रबंधाच्या पाच प्रती काढल्या, चारही बाजूंना एक-एक इंच ठेवला, छान दिसत होतं बाप्पा. हार्डबाइंडिंग होऊन आलं, काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, आणि आत प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर शिवणीत! "संशोधन"चं "शोधन" झालं होतं. पाचही प्रती पुन्हा. डावीकडे दीड इंच ठेवा, आडव्या टेबलाचं पान असेल तर त्या पानाचा वरचा मार्जिन दीड इंच, कारण बाइंडिंगमध्ये वरची कड जाते. आडवं पान एकटंच करायचं तर त्याच्या आधी आणि नंतर सेक्शन ब्रेक नेक्स्ट पेज टाका, म्हणजे ते पान फाईलचा वेगळा भाग होतं, नाहीतर सगळा प्रबंध आडवा होऊन बसतो. पानांचे नंबर प्रस्तावनेपासून सुरू करायचेत त्यालाही हाच ब्रेक, फक्त फूटरमध्ये, म्हणजे पानाच्या तळाच्या पट्टीत, आधीच्या भागाशी जोडणारं लिंक टू प्रीव्हियस बंद करा, हे सगळेच विसरतात.

टेबलाच्या हेडिंगवर पॅराग्राफमध्ये कीप विथ नेक्स्ट लावा, ते टेबलाला धरून राहतं. आणि नवीन प्रकरण नवीन पानावर घ्यायला एंटर मारत जाऊ नका हो, कंट्रोल एंटर एकदा. तुम्ही नक्कीच मारले असणार, कंट्रोल शिफ्ट ८ दाबून पाहा, उलट्या पीसारख्या खुणांची रांगच दिसेल, रिकाम्या ओळीतली एक खूण म्हणजे एक एंटर.

दुकानात "ॲक्च्युअल साइज"वर काढायला सांगा, फिट टू पेज केलं की मार्जिन बदलतो. आधी फक्त तीन पानं काढा, एक साधं, एक टेबलाचं, एक आडवं. तिथेच काउंटरवर फूटपट्टी लावा, दीड इंच भरला तर उरलेली पानं छापायला सांगा.