रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत एकाच व्हेक्टरमधले (घटकांच्या यादीतले) दोन घटक एकदम बदलायचे असतील, तर सगळा व्हेक्टर रेफसेलमध्ये ठेवावा का?

ठेवू नये. तुम्ही लिहिता की शेजारचे दोन घटक वाचून दोन्ही बदलायचे आहेत, कंपायलर दुसरा बदलता बॉरो (बदलण्यासाठी उसना घेतलेला संदर्भ) देत नाही, सहकाऱ्याने रेफसेल (बॉरोचे नियम प्रोग्रॅम चालू असताना तपासणारे आणि ते मोडल्यास प्रोग्रॅम थांबवणारे वेष्टन) सुचवला आहे आणि पुढे हेच काम अनेक थ्रेडवर न्यायचे आहे. रेफसेलचा हाच सल्ला मला 2021 मध्ये एका वरिष्ठांनी दिला होता आणि त्याचे परिणाम मी भोगले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पणजीतल्या एका लहान कंपनीत आम्ही खाजन शेतांतील (भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या शेतांतील) पाण्याचा हिशेब करणारा प्रोग्रॅम लिहीत होतो. माझे घर जुवारीकाठी बोरीला, वडिलांचे दोन कुणगे, म्हणजे भातशेतीचे तुकडे, खाजनातच आहेत. भरतीला नदीच्या पाण्याच्या दाबाने मानशीची, म्हणजे बांधातल्या जलद्वाराची, दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात, हे मी लहानपणापासून बांधावर बसून पाहत आलो आहे. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कुणग्यातील पाणी म्हणजे एक दशांश संख्या आणि सगळे कुणगे मिळून एक व्हेक्टर. पाणी वरच्या कुणग्यातून खालच्यात उतरले की पहिल्यातून वजा करायचे आणि तेवढेच दुसऱ्यात मिळवायचे.

वरिष्ठांनी तो व्हेक्टर रेफसेलमध्ये घातला. कंपायलरची तक्रार थांबली आणि आम्ही निर्धास्त झालो. मात्र पाणी हलले की नोंद करणारे एक फंक्शन चालत असे, आणि एकूण पाणी मोजण्यासाठी ते तोच व्हेक्टर पुन्हा बॉरो करत असे. चाचण्यांमध्ये नोंद बंद ठेवलेली होती. देवळाच्या अग्रशाळेत गावच्या कुळांसमोर पहिल्यांदा प्रोग्रॅम चालवला, तेव्हा पहिल्याच ओहोटीला पडद्यावर ‘ऑलरेडी म्यूटेबली बॉरोड’ असा संदेश उमटला आणि प्रोग्रॅम बंद पडला. वडील पुढच्या रांगेत बसले होते.

त्यानंतर वरिष्ठांनी ठरवले की रस्ट ही या कामाची भाषाच नव्हे, आणि अनसेफ (कंपायलरच्या काही तपासण्या टाळण्याची मुभा) वापरून एकाच व्हेक्टरमधून दोन बदलते संदर्भ काढले. शेवटच्या कुणग्याखाली शेत नसल्यामुळे तेथे शेजारी म्हणून त्याचाच क्रमांक मिळत असे. डीबग बिल्डमध्ये (चाचणीसाठीच्या रूपात) वजा होऊन तेवढेच मिळवले जाई, म्हणजे उत्तर बरोबर येई. रिलीज बिल्डमध्ये (कंपायलरने वेगासाठी बदललेल्या रूपात) मात्र त्या कुणग्यातले पाणी दर फेरीला वाढू लागले. दोन बदलते संदर्भ कधीच एका जागेवर नसतात हे कंपायलर गृहीत धरतो, त्यामुळे तो दोन्ही किमती आधी वाचून ठेवू शकतो आणि मग वजाबाकी पुसली जाते. हा दोष भाषेचा नव्हता. भाषेने ज्याला नकार दिला होता तेच आम्ही मागच्या दाराने केले होते.

वास्तविक उपाय रस्टच्या 1.37 आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट 2019 पासून, प्रमाण लायब्ररीतच आहे. व्हेक्टरच्या बदलत्या स्लाइसला (सलग घटकांच्या संदर्भाला) ‘सेल फ्रॉम म्यूट’ लावावे आणि त्यावर ‘ॲज स्लाइस ऑफ सेल्स’ बोलवावे, की त्याच स्मृतीवर सेलांची, म्हणजे साध्या संदर्भातूनही किंमत बदलू देणाऱ्या वेष्टनांची, स्लाइस मिळते. कोणतीही प्रत होत नाही, एक बाइटही जास्त लागत नाही आणि चालू प्रोग्रॅममध्ये कसलीही तपासणी होत नाही. ती स्लाइस हाती असेपर्यंत पुश करता येत नाही, म्हणजे लांबी बांधलेली राहते आणि फक्त आतल्या किमती बदलतात. कुणग्यांना नेमके हेच हवे असते. प्रमाण लायब्ररीत ‘विंडोज म्यूट’ नाही, कारण एकमेकांवर चढणाऱ्या खिडक्यांतून एकाच घटकाचे दोन बदलते संदर्भ निघाले असते. सेलांच्या स्लाइसवर मात्र साधे ‘विंडोज’ दोनदोनच्या जोड्या देते आणि दोन्हींवर ‘सेट’ चालते. प्रत्येक घटकाला स्वतंत्र रेफसेल देणे हाही उपाय सुचवला जातो, पण 64 बिटांच्या यंत्रावर त्यामुळे 8 बाइटांची संख्या 16 बाइटांची होते आणि पॅनिकची (प्रोग्रॅम अचानक बंद पडण्याची) भीती तशीच राहते.

सेलमुळेही तर्काची चूक टळत नाही. दोन क्रमांक एकच असण्याची शक्यता असेल, तर पहिल्यातून वजा करून ‘सेट’ करावे आणि मगच दुसरा वाचावा, नाहीतर आमच्या शेवटच्या कुणग्याचीच गत होईल. घटक स्ट्रिंगसारखे असतील तर ‘गेट’ चालत नाही, ‘टेक’ किंवा ‘रिप्लेस’ वापरावे लागते. दोनच ठरावीक घटक हवे असतील तर एप्रिल 2025 मधील 1.86 पासून ‘गेट डिसजॉइंट म्यूट’ आहे. एकच क्रमांक दोनदा दिला तर ते चूक परत करते. आणि नवी पातळी नेहमी जुन्याच पातळ्यांवरून काढायची असेल, तर दोन व्हेक्टर ठेवावेत, मग यातले काहीच लागत नाही.

थ्रेडचा प्रश्न वेगळा आहे: सेल किंवा रेफसेल थ्रेडांमध्ये वाटून घेता येत नाहीत, तेथे अणु-प्रकार (ॲटॉमिक) किंवा म्यूटेक्ससारखे कुलूप हवे.

मी तो लूप सेलांच्या स्लाइसवर पुन्हा लिहिला. नोंद करणारे फंक्शन तीच स्लाइस घेऊन एकूण पाणी मोजते आणि अनसेफचा एकही शब्द त्यात उरलेला नाही. वरिष्ठांचे मत बदलले नाही. त्यांच्या मते मी केवळ कंपायलरचे समाधान केले. शेवटच्या कुणग्यातले पाणी मात्र तेव्हापासून एकदाही आपोआप वाढलेले नाही.