‘रामोशी’ कुठून आला, आणि वर्गात काय म्हणायचं

दहिवडीकडच्या एका शिक्षिकेने विचारलंय: इतिहास शिकवताना ‘गुन्हेगार जमाती’ म्हणावं, ‘विमुक्त’ की ‘भटके’? आणि ‘रामोशी’ हा शब्द मुळात कुठला? त्या समाजाची मुलं समोरच्या बाकावर बसलेली असतात, म्हणून त्यांना काळजी.

‘पूर्वीच्या गुन्हेगार जमाती’ हे आधी बंद करा. साताऱ्यात व्याख्यानांत, सत्काराच्या भाषणांतसुद्धा, हे ऐकून कान किटले. ‘पूर्वीच्या’ म्हटलं की कधीकाळी होत्याच असा अर्थ निघतो. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये कायदा करून जातीच्या जाती जन्मापासून गुन्हेगार धरल्या, बायाबापड्यांवर पोलिसांचा पहारा बसवला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. त्यातून सुटले ते विमुक्त. तेव्हा ‘गुन्हेगार ठरवलेल्या’ म्हणा. भटके वेगळे, गोंधळी, गोपाळ, नंदीवाले हे फिरून पोट भरणारे. राज्याच्या यादीतल्या १४ विमुक्त जातींत रामोशी आहेत, बेरडही आहेत. रामोशी तर गावचा राखणदार, गडाच्या मेटावरचा, म्हणजे चौकीवरचा, पहारेकरी. त्याला भटका कसं म्हणणार?

आता व्युत्पत्ती. ‘रानवासी’चा अपभ्रंश, असं जो तो एकमेकांचं बघून उतरवतो. मला हे साफ नामंजूर आहे. पुढे ‘ई’ आली की ‘स’चा ‘श’ होतो, म्हैस-म्हशी, इथवर ठीक. पण ‘वासी’तला दीर्घ ‘वा’ असा विरघळत नाही. ‘रहिवासी’चं लोकांनी ‘रहिवाशी’ केलं, ‘रहोशी’ नाही. आणि ‘रान’मधल्या ‘न’चा ‘म’ कसा झाला, इथे सगळी विद्वान मंडळी गप्प!

उलट ‘रामवंशी’ बघा. ऱ्हस्व ‘अव’चा ‘ओ’ होणं ही मराठीची जुनी खोड. ‘लवण’चं लोण, त्यातून लोणचं, ‘नवनीत’चं लोणी. तसंच रामवंशी, रामोंशी, रामोशी. अनुस्वार गळायला कितीसा वेळ? यावर ‘मग सूर्यवंशीचं सूर्योशी का झालं नाही?’ असं विचारणारे भेटतात. अहो, सूर्यवंशी लेखणीने जपलेलं आडनाव, रामोशी चावडीवर दिवसरात्र तोंडात असलेला शब्द. तोंडातलाच झिजणार. समाजातली मंडळीही स्वतःला रामवंशीच सांगत आली आहेत, आणि ते सोडून ‘रानवासी’ धरला की माणूस आपोआप गावाबाहेर जातो, चोरीचा ठपका ठेवायला सोपा होतो. त्या व्युत्पत्तीवरचा माझा राग त्यासाठी.

बाई, १८७१ च्या आधी १८३२ शिकवा. पुरंदर तालुक्यातल्या भिवडीचे उमाजी नाईक कंपनी सरकारविरुद्ध उठले आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फासावर गेले. फळ्यावर लिहिताना ‘उमाजी रामोशी’ लिहू नका, ‘उमाजी नाईक’ लिहा. ‘नाईक’ हा त्या समाजातला मानाचा शब्द आहे.