कॅमेरा घरात दिसतो, परगावाहून दिसत नाही: आधी राउटरचा वॅन आयपी बघा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. इंदूरला लोकमान्य नगरच्या घरात आई-बाबा दोघंच, गेटवर स्वस्तातला वायफाय कॅमेरा. कंपनीचं ॲप प्ले स्टोअरवरून गायब झालं म्हणून तुम्ही पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत येण्यासाठी राउटरमध्ये वाट उघडली, तरी बंगळुरूहून काही दिसेना, आणि दुकानदार म्हणतोय कॅमेरा बदला. माझी आई रामबागेत एकटी होती आणि मी नोकरीसाठी हैदराबादला, तेव्हा मी अगदी हेच भोगलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी नेटवर्किंगचा माणूस नाही, बँकेत आहे. जाणकारांनी चूक दिसली तर जरूर दुरुस्त करावी.

कॅमेरा बदलू नका. घरच्या वायफायवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चित्र येतंय असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे कॅमेऱ्यात दोष नाही. राउटरच्या सेटिंगच्या पानावर ‘वॅन आयपी’ (नेटवाल्याने राउटरला दिलेला पत्ता) असा रकाना असतो, तो कुणाकडून तरी बघून घ्या. तिथला आकडा १००.६४ ते १००.१२७ यांच्यात किंवा १० ने सुरू होत असेल, तर तुमच्या घराला इंटरनेटवर स्वतःचा पत्ताच नाही. नेटवाल्याने एकाच पत्त्यामागे अनेक घरं बसवली आहेत. याला सीजीनॅट म्हणतात. तुम्ही तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरून येणारी विनंती नेटवाल्याच्या यंत्रापाशीच अडते, तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही.

हे मला कुणी सांगायला हवं होतं? ज्यांना महिन्याचे पैसे देतो त्यांनी. नाव घेत नाही, पण त्या ऑफिसात फोन केला की एकच उत्तर, “सर, हमारी तरफ से नेट ओके है, स्पीड टेस्ट कर लीजिए.” स्पीडची तक्रार कुणी केली होती! मग म्हणाले, स्टॅटिक आयपी घ्या. वर्षाचे पैसे आगाऊ भरले. पत्ता आला तो पुन्हा १००.७२ वाला. विचारलं तर म्हणे, स्टॅटिकच आहे, आता बदलणार नाही. म्हणजे न बदलणारा, पण आतलाच पत्ता विकला! पैसे परत मागितले तर ‘ॲक्टिव्हेशन झालंय, रिफंड नाही’.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी विसरलोही असतो. मी फार मागे लागलो म्हणून त्यांनी घरी माणूस पाठवला. त्याने आईला न विचारता राउटरचं बारीक छिद्र पिनने दाबून रिसेट केला. नेटचं युजरनेम-पासवर्ड उडालं, ते त्याच्याकडे नव्हतं, आणि ‘ऑफिसातून करतील’ म्हणून तो निघून गेला. पुढे कित्येक दिवस घरात नेट नाही. कॅमेरा राहू द्या, आईचा संध्याकाळचा व्हिडिओ कॉलही बंद. सत्तरी ओलांडलेल्या बाईने गुडघे धरत जिना उतरून शेजाऱ्यांच्या फोनवरून मुलाला कळवायचं, “नेटवाला येऊन गेला, आता काहीच चालत नाही.” याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून सांगतो, पैसे भरण्याआधी ‘पब्लिक आयपी मिळेल’, म्हणजे बाहेरून थेट पोचता येणारा पत्ता, हे ईमेलवर लिहून घ्या, आणि माणूस येणार असेल तर राउटरच्या सेटिंगचा बॅकअप आधी काढून ठेवा.

आणि खरं सांगू का, पब्लिक आयपी मिळाला तरी कॅमेऱ्याचं पोर्ट उघडू नका. यावर माझं मत ठाम आहे, भांडायची तयारी आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच स्वस्त कॅमेरे आणि राउटर कंपनीचे मूळ पासवर्ड वापरून ताब्यात घेतले होते, आणि त्यांच्याच जोरावर ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट काही तास बंद पाडल्या. आपल्याकडे ९ एप्रिल २०२५ पासून नव्या सीसीटीव्हींना सुरक्षा चाचणीची सक्ती झाली, पण तुमचा कॅमेरा त्याआधीचा. त्याला आता अपडेट कोण देणार, ॲपच बंद पडलंय.

माझ्याकडे जे चाललं ते असं. घरात सतत चालू राहणारं एक छोटं यंत्र ठेवलं. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर असेल तर उत्तम, जुना लॅपटॉपही चालेल. त्यावर टेलस्केल घातलं आणि तेच माझ्या फोनवर. हे आपल्याच यंत्रांना इंटरनेटवरून एकमेकांशी खाजगी जोडणारं सॉफ्टवेअर. ते आतून बाहेर जोडणी करतं, म्हणून सीजीनॅट आड येत नाही. घरगुती वापराला फुकट आहे. त्या यंत्राला ‘सबनेट राउटर’ करायचं, म्हणजे ते घरातल्या बाकी उपकरणांपर्यंतची वाट देतं, आणि ती वाट (रूट) टेलस्केलच्या ॲडमिन पानावर मंजूर करायची. ही मंजुरी बहुतेक जण विसरतात. मग कॅमेऱ्याचा घरातला पत्ता फोनवर जसाच्या तसा चालतो. घरचं नेटवर्क १९२.१६८.१ वर असेल तर आधी ते बदलून १९२.१६८.३७ असं काहीतरी करा, कारण तुमच्या बंगळुरूच्या राउटरवरही बहुधा तेच आकडे असतील आणि फोन गोंधळेल. टेलस्केलही १०० ने सुरू होणारेच पत्ते देतं, ते बघून घाबरू नका.

यानंतर कॅमेऱ्याचं इंटरनेट राउटरमधूनच तोडून टाका. मात्र इंटरनेट तोडलं की त्याला वेळ कुठून मिळणार? लाईट जाऊन आली की काही स्वस्त कॅमेरे १ जानेवारी १९७० दाखवतात. त्या छोट्या यंत्रालाच वेळेचा सर्व्हर करा आणि कॅमेऱ्यात त्याचा पत्ता द्या. चुकीच्या तारखेचं फुटेज घेऊन चौकीवर जाण्यात अर्थ नाही. कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डाचा हिशेबही आधीच करून ठेवा. २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) रेकॉर्डिंग केलं तर दिवसाला साधारण २१.६ जीबी लागतात, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड सहा दिवसही पुरत नाही, मग जुनं पुसलं जातं. काही घडलं तर त्याच दिवशी कॉपी काढा.

रात्री कॅमेरा जातो-येतो असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. ते नेटचं नाही, करंटचं असावं. अंधार पडला की इन्फ्रारेड दिवे लागतात, कॅमेरा जास्त करंट ओढतो आणि लांब, बारीक यूएसबी वायरवर व्होल्टेज पडतं. माझ्याकडे मीटर लावून पाहिलं, दिवसा ४.९ आणि दिवे लागले की ४.४ च्या आसपास. २३० व्होल्टची वायर इलेक्ट्रिशियनकडून गेटपर्यंत न्या आणि ॲडॉप्टर कॅमेऱ्याजवळच पाणी न लागणाऱ्या डबीत बसवा. चांगला २ अँपिअरचा ॲडॉप्टर महाराणी रोडवर सहज मिळेल.

आणि ताई, पोस्टमध्ये राउटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो टाकलाय, तो लगेच काढा. त्यावर वायफायचा पासवर्ड स्पष्ट वाचता येतोय. वॅन आयपी इथे लिहिताना पहिले दोनच आकडे लिहा, तेवढ्यावरून कळेल.