कियारा म्हणजे उजळ की सावळी? नावांबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी नावांवरचे प्रश्न इतके आलेत की सगळे घेणं शक्यच नव्हतं. थोडेच घेतलेत, पण त्यांची उत्तरं नीट देते.

प्रश्न : मुलगी तीन महिन्यांची आहे, नाव कियारा. ठेवताना एका साइटवर अर्थ बघितला होता 'तेजस्वी, उजळ'. आता वहिनीने दुसऱ्या साइटचा स्क्रीनशॉट पाठवलाय, त्यात 'सावळी, काळ्या केसांची' लिहिलंय. खरं काय समजायचं? नाव बदलू का?

अजिबात बदलू नका! दोन्ही साइट आपापल्या जागी बरोबर आहेत, घोळ एवढाच झालाय की ही मुळात दोन वेगळी नावं आहेत आणि रोमन लिपीत येता येता एकमेकींत मिसळून गेलीत.

पहिलं इटालियन. लॅटिनमध्ये 'क्लारुस' म्हणजे स्वच्छ, उजळ, नावाजलेला. त्यावरून मुलीचं नाव क्लारा. इटालियनमध्ये लॅटिनच्या 'क्ल'चा 'क्य' होतो, म्हणून क्लाराची झाली क्यारा, कियारा. असिसीच्या संत क्लारा (११९४–१२५३) यांना इटलीत कियाराच म्हणतात. स्पेलिंग सी-एच-आय-ए-आर-ए असतं, आपण इंग्रजीच्या सवयीने 'चियारा' वाचतो, पण इटालियनमध्ये तिथे 'क'च.

दुसरं आयरिश. तिथे 'कीअर' म्हणजे काळा, गडद. त्यावरून मुलाचं नाव कीरान, म्हणजे छोटासा काळा, आपण लाडाने 'काळू' म्हणतो ना अगदी तसंच, आणि मुलीचं नाव कीरा. तिचं स्पेलिंग सी-आय-ए-आर-ए. आता दोन्ही स्पेलिंग एकाखाली एक लिहून बघा, फक्त एका एचचा फरक आहे! मग इंग्रजीत लोक उच्चाराप्रमाणे सुरुवातीला के लावून लिहायला लागले, तो एच पण गेला आणि दोघी एकाच स्पेलिंगमध्ये येऊन बसल्या. (तसंच आपला किरण म्हणजे प्रकाशाची रेघ आणि आयरिश कीरान म्हणजे काळू, ऐकायला जवळजवळ सारखे आणि अर्थ बरोबर उलटे.)

तुम्ही घरी कि-या-रा अशी तीन अक्षरं म्हणत असाल आणि 'उजळ' हाच अर्थ मनात धरून नाव ठेवलं असेल तर तुमची लेक इटालियन कियारा. आणि समजा आयरिश निघाली असती तरी काय बिघडलं असतं हो, कृष्ण आणि श्याम या नावांचा अर्थ तरी दुसरा काय आहे?

एक मात्र मनापासून सांगते, साइटवर अर्थ वाचण्याआधी भाषा कोणती दिलीय ते बघा, आणि भाषा आणि मूळ शब्द दिलेलाच नसेल तर त्या अर्थावर विसंबू नका. अनिताचंच घ्या, अर्थ देतात 'कृपा' आणि यादी असते संस्कृत नावांची. तो अर्थ संस्कृत नाहीच, हिब्रू हन्ना म्हणजे कृपा, त्याचं स्पॅनिशमध्ये आना आणि लाडाने आनिता, असा तो फिरत आलाय.

प्रश्न : जॉन आणि याह्या ही एकच नावं आहेत का?

कुराणात ज्यांना याह्या म्हटलंय तेच बायबलमधले बाप्तिस्मा देणारे योहान, त्यामुळे माणूस एकच. जॉनचं मूळ हिब्रू योहानान, म्हणजे देवाने कृपा केली. रशियन इवान, स्पॅनिश हुआन, फ्रेंच झाँ, आयरिश शॉन सगळे त्याचेच. आणि त्यातली 'कृपा' तीच हन्नावाली, म्हणजे वरची अनिता आणि हा जॉन एकाच धातूचे!

प्रश्न : माझं नाव सोनिया. आई म्हणायची, सोन्यासारखी पोर म्हणून सोनिया. ऑफिसमध्ये एकीने सांगितलं की हे रशियन नाव आहे, सोन्याचा काही संबंध नाही. खूप वाईट वाटलं.

नाव रशियनच आहे, ते तिचं खरं. सोफियाचं लाडाचं रूप सोन्या, जसं नतालियाची नताशा, तात्यानाची तान्या. सोफिया ग्रीक, अर्थ शहाणपण. पण रशियन आई सोफियाला 'सोन्या' म्हणते आणि मराठी आई आपल्या लेकराला 'सोन्या' म्हणते, दोघींची हाक अगदी सारखी आहे, हे मला फार आवडतं. शब्द कुठून आला ही एक गोष्ट आणि तुमच्या आईने काय मनात धरून हाक मारली ही दुसरी, दुसरी पहिलीमुळे खोटी होत नाही. कोणी विचारलं तर दोन्ही सांगा.

प्रश्न : मी देवदत्त. कामावर थिओडोर नावाचा सहकारी आहे, तो म्हणतो आपलं नाव एकच. खरंय?

अर्थ एकच, देवाने दिलेला. ग्रीक 'थिओस' देव, 'डोरॉन' देणगी. हेच उलटं जोडलं की डोरोथिया. पण यात एक फसवी जागा आहे. कोणालाही वाटेल की थिओस आणि देव हे भाऊभाऊ, तर ते नाहीत! देव या शब्दाचा भाऊ लॅटिन 'देउस', थिओसचं मूळ वेगळंच. खरं नातं नावाच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे, 'दत्त' आणि 'डोरॉन' दोन्ही 'देणे' याच जुन्या धातूतून आलेत. स्लाव्ह भाषांमधला बोगदान तर तुम्हाला आणखी जवळचा, 'दान' म्हणजे दिलेला आणि 'बोग' म्हणजे देव, त्याचं नातं भगवानमधल्या 'भग'शी. जोनाथन आणि अताउल्ला अर्थाने तुमच्यातलेच, पण ते हिब्रू आणि अरबी, शब्दांचं नातं नाही. आणि तुमचं नाव जुनं किती, तर पतंजलींना व्याकरणाच्या उदाहरणात कोणीतरी माणूस हवा असला की ते देवदत्तालाच बोलावतात.

प्रश्न : मुलीच्या वर्गात घानाचा एक मुलगा आहे, कोफी. याचा कॉफीशी संबंध आहे का?

नाही. घानातल्या अकान लोकांमध्ये जन्मवारावरून नाव असतं. शुक्रवारचा मुलगा कोफी, मुलगी अफुआ किंवा एफुआ. शनिवारचा क्वामे आणि अमा, रविवारचा क्वासी आणि अकोसुआ. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस (१९९७–२००६) कोफी अन्नान यांचं पूर्ण नाव कोफी अट्टा अन्नान, जन्म ८ एप्रिल १९३८, जुनं कॅलेंडर काढून बघा, शुक्रवार येतो. 'अट्टा' म्हणजे जुळा, त्यांना जुळी बहीण होती आणि तिचं नाव अर्थातच एफुआ. मुलीला सांगा, त्या मुलाला भावंडं असतील तर त्यांची नावं विचार, कोण कुठल्या वारी जन्मलं ते तिला लगेच कळेल.