“औषध थोडंच आहे ते, शक्तीच्या गोळ्या त्या!”

“ताई, एक दिवस चुकवत नाही मी, तरी थायरॉइड वाढतंच कसं? कंपनी बदलू का?”

काकूंनी रिपोर्ट माझ्या औषध दुकानाच्या काउंटरवर ठेवला. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची गोळी कमी पडली की वाढणारा आकडा, ११.२. वर्षभरात गोळी ५० मायक्रोग्रॅमवरून ७५, मग १०० झालेली. बाटली पाहिली, मुदत होती, गोळ्या कोरड्या होत्या.

“आणखी काय चालू आहे?”

“दुसरं काही नाही गं.”

पिशवीत मात्र कॅल्शियम आणि लोहाच्या पट्ट्या. “त्या होय! औषध थोडंच आहे ते, शक्तीच्या गोळ्या त्या!” सून रात्रीच तिन्ही गोळ्या स्टीलच्या वाटीत काढून ठेवायची आणि काकू सकाळी कपभर दुधाबरोबर गिळायच्या.

गोम तिथेच होती. कॅल्शियम आणि लोह पोटात थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाला, धरून बसतात, मग ते रक्तात पुरतं उतरत नाही. दुधातही कॅल्शियम असतंच. डॉक्टरांना विचारलं तरी काकूंनी ‘काही नाही’ म्हणूनच सांगितलं असणार. आणि खरं सांगायचं तर त्या पट्ट्या वर्षभर मीच विकत होते. मी तरी कुठे विचारलं?

वेळा लिहून दिल्या. थायरॉइडची गोळी सकाळी उठल्यावर, साध्या पाण्याबरोबर, चहा किमान अर्ध्या तासाने. कॅल्शियम दुपारच्या जेवणात, म्हणजे मध्ये चार तास सहज जातात. लोह रात्री जेवून दोन तासांनी, कारण कॅल्शियमचं आणि त्याचंही पटत नाही.

पण एवढ्यावर सोडणं धोक्याचं होतं. १०० ची मात्रा ठरली ती अर्धवट लागू पडणाऱ्या गोळीवर. आता ती पूर्ण लागू पडली तर जास्त होईल, छातीत धडधडेल, हात थरथरतील. म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी दोन महिन्यांनी तपासणी सांगितली. टीएसएच ०.२ आला, म्हणजे गोळी आता जास्त होत होती, आणि ती ७५ वर उतरली.

परवा काकू डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची चिठ्ठी घेऊन आल्या आणि आपणहून म्हणाल्या, “ही माझ्या शक्तीच्या गोळ्यांशी भांडते का?”

भांडते. कॅल्शियमपासून दोन-तीन तास लांब ठेवायला सांगितलं. लोहाचं मात्र नुसत्या अंतराने भागत नाही, म्हणून कोर्सभर ते बंद ठेवायचं का, हे विचारायला डॉक्टरांना तिथूनच फोन लावला.