शेजारशेजारच्या दोन शहरांनी पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचे नियोजन एकत्र करावे का?

होय, दोन्ही शहरे एकाच पाणलोट क्षेत्रात असतील तर एकत्रच करावे, कारण पाणी उतार पाहून वाहते, पालिकेची हद्द पाहून नव्हे. वरच्या शहरात काँक्रीट वाढले की खालच्या शहराच्या नाल्यांत पाणी अधिक प्रमाणात आणि लवकर पोहोचते. सहसा दुर्लक्षित राहणारी बाब अशी, की प्रत्येकाने स्वतंत्रपणे साठवण तलाव बांधले, तर त्यांतून सावकाश सोडलेले पाणी नेमके मुख्य प्रवाह भरात असतानाच त्याला मिळून पूर उलट वाढू शकतो. अमेरिकेतील डेन्व्हर परिसरात अशा सामाईक कामासाठी १९६९ मध्ये कायद्याने स्वतंत्र यंत्रणा स्थापन झाली. मात्र अंतर्गत गटारांची सफाई ज्या त्या शहराकडेच ठेवावी.